बंदी कायद्यात, की परवान्यात? अणुवीज आणि देशोदेशीचे नियम

अणुवीज कुठे चालू, कुठे बंद आणि कुठे बेकायदा, याबद्दल वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे देत आहोत.

प्रश्न : अणुविजेवर कायद्याने बंदी असलेले देश नेमके किती? प्रत्येक यादीत वेगळा आकडा दिसतो.

उत्तर : याद्या जुळत नाहीत, कारण ‘बंदी’ या एका शब्दात चार-पाच वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. घटनात्मक कायदा, साधा कायदा, संसदेचा ठराव, सरकारचे धोरण आणि नुसतेच ‘आमच्याकडे केंद्र नाही’, हे सगळे एकाच रकान्यात जाते. म्हणून आकडा सोडा आणि कायद्यात कोणाला काय करायची मनाई आहे तेवढे शोधा.

सर्वांत पक्की बंदी ऑस्ट्रियाची. १९७८ च्या कायद्याने वीजपुरवठ्यासाठी अणुविखंडनातून वीज काढणारी केंद्रे बांधायला आणि बांधून तयार असलेली सुरू करायला मनाई केली. १९९९ मध्ये ही मनाई घटनात्मक कायद्यात गेली. आता ती उठवायची तर संसदेत दोन तृतीयांश मते लागतात. तरीही व्हिएन्नात २५० किलोवॅटची संशोधन अणुभट्टी १९६२ पासून चालू आहे. त्यात बेकायदा काही नाही. कायद्यात ‘वीजपुरवठ्यासाठी’ असा शब्द आहे आणि ही भट्टी वीज तयारच करत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या १९९९ च्या केंद्रीय पर्यावरण कायद्यातले कलम १४०-अ मंत्र्याचे हात बांधते. वीजकेंद्र, इंधननिर्मिती, समृद्धीकरण (युरेनियममधला विखंडन होणारा अंश वाढवणे) आणि पुनर्प्रक्रिया (वापरलेल्या इंधनातून उपयोगी भाग वेगळा काढणे) या चार प्रकारच्या प्रकल्पांना मंत्र्याने मंजुरी देता कामा नये. युरेनियमची खाण या यादीत नाही. त्यामुळे जगातले सर्वांत मोठे ज्ञात साठे बाळगणारा हा देश युरेनियम विकतो, पण स्वतः जाळत नाही. सिडनीजवळची २० मेगावॅटची ‘ओपल’ भट्टीही चालते, कारण ती वैद्यकीय समस्थानिके आणि संशोधनासाठी आहे. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या घ्यायचे ठरल्यावर मात्र ही मनाई त्यांच्या आड येऊ नये म्हणून २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. केंद्रीय कलम उद्या रद्द झाले तरी न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया यांचे स्वतःचे मनाई कायदे शिल्लक राहतात, हे तिथल्या निवडणुकीच्या भाषणांतून सहसा सुटते.

आयर्लंडमध्ये १९९९ च्या वीज नियमन कायद्यातले एक छोटे उपकलम म्हणते की, वीजकेंद्रांना मुभा देणाऱ्या आदेशात अणुविखंडनाचा वापर असू नये. ब्रिटनकडून केबलने येणाऱ्या विजेत अणुविजेचा वाटा असतोच. ती घ्यायला हरकत नाही. डेन्मार्कमध्ये तर असा कायदाच नाही. २९ मार्च १९८५ रोजी संसदेने ऊर्जा नियोजनातून अणुवीज वगळण्याचा ठराव केला, आणि तो ठरावच आजवर पुरला आहे.

न्यूझीलंड जवळजवळ प्रत्येक यादीत ‘बंदी’खाली असतो आणि ते चूक आहे. तिथला १९८७ चा कायदा अण्वस्त्रांना आणि अणुशक्तीवर चालणाऱ्या जहाजांना मनाई करतो. जमिनीवरच्या वीजकेंद्राबद्दल त्यात चकार शब्द नाही. फिलिपिन्सचेही तसेच. १९८७ च्या राज्यघटनेत अण्वस्त्रमुक्तीचे धोरण आहे, विजेवर बंदी नाही. बाटानचे ६२१ मेगावॅटचे केंद्र बांधून पूर्ण झाले होते. पण १९८६ मध्ये सत्ताबदल आणि चेर्नोबिल एकापाठोपाठ आले आणि त्यात इंधन भरलेच गेले नाही.

प्रश्न : ऑस्ट्रियाने पूर्ण बांधलेले केंद्र एक दिवसही चालवले नाही, हे खरे का?

उत्तर : खरे. डॅन्यूबकाठच्या झ्वेन्टेनडॉर्फ इथले ते सुमारे ७०० मेगावॅटचे उकळत्या पाण्याच्या प्रकारचे केंद्र. ५ नोव्हेंबर १९७८ च्या सार्वमतात ५०.४७ टक्के मते विरोधात गेली. फरक सुमारे ३० हजार मतांचा. त्याच डिझाइनची काही केंद्रे जर्मनीत असल्याने पुढे झ्वेन्टेनडॉर्फचे सुटे भाग तिकडे गेले आणि इमारतीत जर्मन कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण होऊ लागले. किरणोत्सार नसलेल्या खऱ्या भट्टीच्या पोटात शिरून काम शिकायची सोय दुसरीकडे सहजी मिळत नाही.

प्रश्न : सार्वमतात लोकांनी ‘नको’ म्हटले, म्हणजे कायदेशीर बंदी आली ना? मग इटली, स्वीडन, तैवान पुन्हा चर्चेत कसे?

उत्तर : मतपत्रिकेवर छापलेला प्रश्न वाचल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही.

इटलीत १९८७ च्या मतपत्रिकेवर ‘अणुवीज हवी की नको’ असा प्रश्नच नव्हता. होते ते तीन तांत्रिक प्रश्न : स्थानिक संस्था जागा देत नसेल तर ती ठरवण्याचा केंद्र सरकारचा अधिकार, अणुकेंद्र घेणाऱ्या नगरपालिकांना मिळणारा पैसा, आणि सरकारी वीज कंपनीचा परदेशी अणुप्रकल्पांतला सहभाग. तिन्ही तरतुदी रद्द झाल्या. बांधकामाला कायद्याने मनाई झाली नाही, पण जागा आणि पैसा यांची तरतूदच गेल्यावर मनाईची गरज उरली नाही. १९९० पर्यंत शेवटची केंद्रे बंद झाली. २०११ मध्ये नव्या योजनेवर पुन्हा सार्वमत झाले, फुकुशिमानंतर तीनच महिन्यांनी, आणि ९४ टक्के मते विरोधात पडली.

स्वीडनच्या १९८० च्या सार्वमतात तीन पर्याय होते आणि तिन्ही कधी ना कधी बंद करण्याचेच. ‘चालू ठेवा’ हा पर्यायच नव्हता. निकालही सल्लावजा होता. नवी भट्टी बांधायची मनाई कायद्यात होती ती २०१० मध्ये सैल झाली, पण अट अशी की, जुन्या तीन जागांवर जुन्याच्या बदल्यातच नवी उभारायची आणि एकूण दहाच्या वर जायचे नाही. १ जानेवारी २०२४ पासून या दोन्ही अटी गेल्या.

तैवानची गोष्ट या सगळ्यांत शिकवणारी. तिथल्या वीज कायद्यात २०२५ पर्यंत अणुवीज संपवण्याचे कलम होते. २०१८ च्या सार्वमतात लोकांनी ते कलमच रद्द केले. म्हणजे बंदी उठली. तरीही केंद्रे एकेक करून बंद होत गेली आणि १७ मे २०२५ रोजी मानशान केंद्रातली दुसरी भट्टी थांबली. हे कसे? परवाना ४० वर्षांचा होता, आणि नियमानुसार नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या पाच ते पंधरा वर्षे आधी करायला हवा होता. मुदतीत अर्ज पुढे गेला नाही, की पुढे कोणी काही करायची गरजच नाही. परवाना आपोआप संपतो. भट्टी बंद होण्याच्या चार दिवस आधी संसदेने दुरुस्ती करून मुदत संपल्यावरही अर्ज करायची आणि २० वर्षांपर्यंत वाढ मिळवायची वाट मोकळी केली. ऑगस्ट २०२५ मध्ये मानशानवर पुन्हा सार्वमत झाले. बहुमत ‘हो’ म्हणाले, पण एकूण मतदारांच्या एक चतुर्थांश मते ‘हो’च्या बाजूने पडायला हवी होती, ती पडली नाहीत. आमच्या मते मनाईच्या कलमापेक्षा अर्जाच्या मुदतीचे कलम जास्त घातक. मनाईवर निदान वाद तरी होतो.

उलट बाजूचे उदाहरण कझाकस्तानचे : ६ ऑक्टोबर २०२४ च्या सार्वमतात सुमारे ७१ टक्के लोकांनी केंद्र बांधायला होकार दिला.

प्रश्न : जर्मनीची शेवटची तीन केंद्रे पुन्हा सुरू करता येतील का? तशा बातम्या अधूनमधून येतात.

उत्तर : इसार-२, एम्सलँड आणि नेकारवेस्टहाइम-२ ही केंद्रे १५ एप्रिल २०२३ रोजी बंद झाली. मूळ तारीख ३१ डिसेंबर २०२२ होती. गॅसटंचाईमुळे साडेतीन महिने वाढवून दिले गेले. अणुऊर्जा कायद्याच्या कलम ७ मध्ये दोन वेगळी कुलपे आहेत. एक म्हणते, व्यापारी वीजनिर्मितीसाठी नव्या केंद्राला परवाना देऊ नये. दुसरे म्हणते, जुन्यांचा वीज तयार करण्याचा हक्क अमुक तारखेला संपला. दोन्ही संसदेच्या साध्या बहुमताने उघडतात.

पण कायदा बदलल्याने केंद्र चालू होत नाही. पहिली अडचण सुरक्षा आढाव्याची. दर दहा वर्षांनी सर्वंकष आढावा बंधनकारक असतो. या तिघांचा मागचा आढावा २००९ चा. २०१९ चा माफ झाला, कारण केंद्रे लवकरच बंद होणार होती. पुन्हा सुरू करायचे तर तो करणे आले, आणि तोही आजच्या निकषांवर.

दुसरी अडचण यंत्रांची. केंद्र मोडीत काढण्याच्या सुरुवातीच्या कामांत प्राथमिक परिपथाची, म्हणजे भट्टीतले गरम पाणी फिरवणाऱ्या वाहिन्यांची, रासायनिक धुलाई येते. पाइप, पंप आणि स्टीम जनरेटर यांच्या आतल्या अंगावर बसलेला किरणोत्सारी ऑक्साइडचा थर आम्लांनी विरघळवून, आयन-विनिमय राळेवर गोळा करून बाहेर काढतात. कामगारांना पुढची कापाकापी कमी मात्रेत करता यावी हा त्यामागचा हेतू. इथवर फारसे बिघडलेले नसते. नंतर मोठे पंप आणि वाहिन्या कापायला घेतल्या की विषय मिटला. तिसरी अडचण माणसांची. नियंत्रण कक्षातल्या ऑपरेटरचे पात्रतापत्र त्या विशिष्ट केंद्राचे असते आणि सिम्युलेटरवर सतत सराव केला तरच टिकते. आणि इंधन? इंधनकांड्यांच्या जुड्या त्या त्या भट्टीच्या मापाच्या बनवाव्या लागतात. दुकानातून उचलून आणता येत नाहीत.

तुलनेसाठी अमेरिकेतल्या मिशिगनचे पॅलिसेड्स केंद्र पाहा. मे २०२२ मध्ये बंद झाले, इंधन काढले गेले, पण मोडतोड सुरू झाली नव्हती आणि कायद्याचा अडथळाही नव्हता. तरी पुन्हा सुरू करताना स्टीम जनरेटरच्या बारीक नळ्यांना ताण-गंजाचे (ताण आणि गंज मिळून पडलेले) तडे सापडले. असे तडे गेलेल्या नळीला आतून दुसरी नळी, म्हणजे स्लीव्ह, घालून सांधावे लागते. बंद पडलेले स्टीम जनरेटर कोरडे नायट्रोजनमध्ये किंवा योग्य रसायने घातलेल्या पाण्यात भरून ठेवायचे असतात. कायमचे बंद झाले म्हणून ती काळजी घेणे सोडले, की पुढच्या दुरुस्तीचे बीज तिथेच पडते.

जाता जाता : जर्मनीने वीजनिर्मिती सोडली, अणुउद्योग सोडलेला नाही. ग्रोनाऊला युरेनियम समृद्ध होते, लिंगेनला इंधनाच्या जुड्या तयार होतात आणि म्युनिकजवळ गार्शिंगला २० मेगावॅटची संशोधन भट्टी आहे. कलम ७ च्या बंदीत यांतले काहीच येत नाही.

प्रश्न : जपानमध्ये बंदी नाही, मग इतक्या भट्ट्या अजून थांबलेल्या का?

उत्तर : २०११ च्या फुकुशिमा अपघातापूर्वी ५४ भट्ट्या होत्या. २०२४ अखेर पुन्हा सुरू झालेल्या १४. मधली वाट अशी : सप्टेंबर २०१२ मध्ये नवा स्वतंत्र नियामक आला, जुलै २०१३ मध्ये नवे निकष लागू झाले. प्रत्येक भट्टीला आधी आराखड्यातील बदलाची परवानगी, मग बांधकामाचा तपशीलवार आराखडा, मग चालवण्याच्या सुरक्षा नियमांना मान्यता आणि शेवटी प्रत्यक्ष तपासण्या पार कराव्या लागतात. त्सुरुगाच्या दुसऱ्या भट्टीला नियामकाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नकार दिला, कारण भट्टीखाली सक्रिय भ्रंश, म्हणजे खडक सरकू शकेल अशी भेग, असण्याची शक्यता नाकारता आली नाही. नव्या निकषांखालचा तो पहिला नकार.

हे सगळे पार झाल्यावर खरी मेख येते ती कुठल्याही कलमात नाही. प्रांताचा गव्हर्नर आणि जवळची नगरपालिका यांची संमती लागते. ती कायद्याने आवश्यक नाही. वीज कंपनी आणि स्थानिक प्रशासन यांच्यातल्या सुरक्षा-करारातून आणि रिवाजातून ती आली आहे. काशिवाझाकी-कारिवा या सात भट्ट्यांच्या, क्षमतेने जगातल्या सर्वांत मोठ्या केंद्रावरचा नियामकाचा मनाईहुकूम डिसेंबर २०२३ मध्ये उठला. गव्हर्नरांचा होकार यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला.

शिवाय न्यायालये आहेत. मार्च २०१६ मध्ये ओत्सु जिल्हा न्यायालयाच्या आदेशाने ताकाहामाची चालू भट्टी थांबवावी लागली. वर्षभराने वरच्या न्यायालयाने आदेश फिरवला. मार्च २०२१ मध्ये मितो न्यायालयाने तोकाई-२ ला मनाई केली. त्यात भट्टीच्या बांधणीत दोष काढलेला नव्हता. ३० किलोमीटरच्या आत १४ नगरपालिका, नऊ लाखांहून अधिक लोक, आणि स्थलांतराचा आराखडा तयार होता फक्त पाच नगरपालिकांचा.

प्रश्न : ‘४० वर्षे आयुष्य’ हे शास्त्रीय आहे की कायद्याने ठरवलेले? ८० वर्षे चालवणे धोक्याचे नाही का?

उत्तर : अमेरिकेत ४० हा आकडा १९५४ च्या कायद्यातून आला आणि तो आर्थिक व मक्तेदारीविरोधी विचारांतून ठरला होता. पोलादाच्या ताकदीशी त्याचा संबंध नव्हता. २० वर्षांची वाढ मिळते, नंतर आणखी २० वर्षांची मागता येते. फ्रान्समध्ये मुदतच नाही. दर दहा वर्षांनी भट्टी थांबवून पूर्ण तपासणी होते आणि पुढची दहा वर्षे द्यायची की नाही ते ठरते. या तपासणीत प्राथमिक परिपथ पाण्याने भरून, नेहमीच्या १५५ बारऐवजी २०० हून अधिक बार दाबाखाली ठेवतात आणि गळती शोधतात. स्वित्झर्लंडमध्ये २०१७ च्या सार्वमताने नव्या केंद्रांचे परवाने थांबवले, पण जुन्यांना तारीख दिली नाही. सुरक्षित असेतोवर चालवा. बेल्जियमने २००३ च्या कायद्यात ४० वर्षे लिहून टाकली होती, मग वेळोवेळी मुदतवाढी दिल्या आणि मे २०२५ मध्ये तो बंदीचा भागच रद्द केला.

शास्त्र कुठे येते? जवळपास सगळे बदलता येते. स्टीम जनरेटर, टर्बाइन, केबल, नियंत्रण यंत्रणा, सगळे. दाबपात्र, म्हणजे इंधनाचा गाभा ज्यात असतो ते जाड पोलादी भांडे, मात्र व्यवहारात बदलता येत नाही. गाभ्याभोवतीच्या पोलादावर न्यूट्रॉन आदळत राहतात आणि ते हळूहळू ठिसूळ होते. जोडकामात तांबे, निकेल, फॉस्फरस जास्त असेल तर अधिक वेगाने. पोलाद चिवट असते ते एका ठरावीक तापमानाच्या वरच. खाली गेले की काचेसारखे तडकते. न्यूट्रॉनच्या माऱ्याने हे तापमान वर सरकते. भीती अशी : तापलेल्या, दाबाखालच्या पात्रात अपघाताच्या वेळी आपत्कालीन थंड पाणी घुसले, आतला पृष्ठभाग आखडला, आणि तिथे आधीच बारीक तडा असेल तर तो पसरला. अमेरिकी नियमात या तापमानाची तपासणी-मर्यादा प्लेट आणि उभ्या सांध्यांसाठी १३२ अंश सेल्सिअस, आडव्या गोल सांध्यांसाठी १४९ अंश आहे.

हे मोजायचे कसे? पात्र बांधताना त्याच पोलादाचे नमुने डब्यांत भरून आत, गाभ्याच्या जास्त जवळ टांगून ठेवतात. तिथे मारा जास्त बसत असल्याने नमुने पात्राच्या आधी ‘म्हातारे’ होतात. ठरावीक वर्षांनी एक डबा काढून नमुने लंबकाच्या हातोड्याने तोडतात आणि किती ऊर्जा लागली ते पाहतात. मुदतवाढ मागणाऱ्या चालकाची एक साधी अडचण इथे निघते : डबे ४० वर्षांच्या हिशेबाने ठेवलेले होते, पुढच्यासाठी उरलेच नाहीत. मर्यादा जवळ आली तर कडेला जळके इंधन ठेवून भिंतीवरचा मारा कमी करतात, किंवा आपत्कालीन पाणी आधीच कोमट ठेवतात. काही रशियन बनावटीच्या भट्ट्यांत पात्राचा पट्टा साडेचारशे अंशांच्या वर तापवून पोलादाची चिवटाई परत मिळवली गेली आहे. फिनलंडमध्ये लोविसाच्या पहिल्या भट्टीला १९९६ मध्ये हे केले.

वय हाच दोष असतो असेही नाही. फ्रान्समध्ये २०२१ च्या अखेरीस आपत्कालीन पाणी सोडणाऱ्या पाइपांच्या सांध्याजवळ ताण-गंजाचे तडे सापडले, तेही सर्वांत नव्या मालिकेतल्या सिव्हो केंद्रात. कारण पाइपची वळणे. त्या मांडणीत गरम पाणी वर आणि थंड खाली असे थर साचून धातूवर सतत ताण येत होता. जुन्या ९०० मेगावॅटच्या भट्ट्यांची मांडणी वेगळी, त्या बऱ्याच अंशी सुटल्या.

प्रश्न : अमेरिकेत केंद्र सरकार पाठीशी असताना राज्ये अणुवीज अडवू शकतात का?

उत्तर : किरणोत्सर्गी सुरक्षा हा पूर्णपणे केंद्राचा विषय. तो मुद्दा घेऊन राज्य अडवायला गेले तर न्यायालयात टिकत नाही. कॅलिफोर्नियाने १९७६ मध्ये म्हणूनच वेगळी वाट धरली : वापरलेल्या इंधनाच्या कायमच्या विल्हेवाटीची सिद्ध पद्धत केंद्र सरकारने मान्य करेपर्यंत नवे अणुकेंद्र नको, कारण त्या खर्चाचा अंदाज करता येत नाही. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आर्थिक कारण ग्राह्य धरले. कायमची जागा आजही नाही, त्यामुळे कुलूप तसेच आहे. तिथले जुने डायब्लो कॅनियन केंद्र चालू आहे, कारण कायदा नव्या केंद्राबद्दल बोलतो.

मिनेसोटाचा नियम आणखी टोकदार. तिथल्या आयोगाने नव्या अणुकेंद्राला ‘गरज-प्रमाणपत्र’ देऊ नये, एवढेच. त्याच राज्यात दोन ठिकाणच्या जुन्या भट्ट्यांतून विजेचा मोठा वाटा येतो. विस्कॉन्सिन, केंटकी, मोंटाना आणि वेस्ट व्हर्जिनिया यांनी असे निर्बंध २०१६ ते २०२२ या काळात काढून टाकले.

प्रश्न : ज्या देशात काहीच नाही त्याने अणुवीज सुरू करायची तर पायऱ्या कोणत्या?

उत्तर : आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या आराखड्यात तीन टप्पे आणि १९ मुद्दे आहेत, आणि निर्णयापासून वीज मिळेपर्यंत १० ते १५ वर्षे धरतात. संयुक्त अरब अमिरातीने ते वेळापत्रक बऱ्यापैकी पाळले. एप्रिल २००८ मध्ये धोरण, २००९ मध्ये कायदा आणि नियामक, डिसेंबर २००९ मध्ये कोरियन कंपनीशी करार, जुलै २०१२ मध्ये पहिले काँक्रीट, ऑगस्ट २०२० मध्ये ग्रिडला जोडणी. चौथी भट्टी सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाली. चारही मिळून ५६०० मेगावॅट. त्यांच्या कायद्यातच समृद्धीकरण आणि पुनर्प्रक्रिया यांना मनाई आहे. अमेरिकेशी अणुकरार करताना हीच गोष्ट कामाला आली. पहिली भट्टी २०१७ मध्ये सुरू व्हायची होती. लांबली ती मुख्यतः ऑपरेटर तयार नव्हते म्हणून.

क्रम चुकवू नये अशा दोन जागा. नियामक करारापूर्वी उभा असावा. उलटे झाले तर तपासणारा माणूस विक्रेत्याकडूनच शिकतो. आणि ग्रिड : एक भट्टी एकूण ग्रिडच्या साधारण दहाव्या हिश्शाहून मोठी नसावी. १४०० मेगावॅट एकदम तुटले तर उरलेल्या जाळ्याला पेलले पाहिजे. शिवाय बंद भट्टीलाही थंड ठेवायला बाहेरून वीज लागते, तीही स्वतंत्र वाहिन्यांनी.

बांधकाम सुरू झाले असे साधारणपणे मानले जाते ते भट्टीच्या इमारतीखालचा पायाचा ठोकळा ओतताना. तिथेही घोडे अडते. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या व्होगल केंद्रात २०१२ मध्ये या पायातल्या सळयांची मांडणी परवान्यातल्या आराखड्याशी जुळत नसल्याचे तपासणीत दिसले. सळया कमकुवत होत्या असा आक्षेप नव्हता, पण मंजूर कागद आणि प्रत्यक्ष काम यांत फरक म्हणजे परवान्यात दुरुस्ती, आणि तोवर काँक्रीट थांबले. इंधन भरायला वेगळी परवानगी, मग पहिली साखळी प्रक्रिया, मग क्षमता टप्प्याटप्प्याने वाढवत प्रत्येक ठिकाणी चाचण्या.

प्रश्न : अपघात झाला तर भरपाई कोण देतो? भारतातला पुरवठादाराचा वाद नेमका काय होता?

उत्तर : जगभरचा नियम असा की, दोष कोणाचा हे न शोधता सगळे दायित्व केंद्र चालवणाऱ्यावर. पीडिताला एकच प्रतिवादी मिळतो, आणि भट्टी बनवणारी कंपनी सुटते. अमेरिकेत १९५७ च्या कायद्यानुसार प्रत्येक स्थळाला ५० कोटी डॉलरचा विमा, आणि नुकसान त्याहून जास्त झाले तर देशातल्या सगळ्या भट्ट्यांनी वर्गणी काढायची. दोन्ही मिळून सुमारे १६ अब्ज डॉलर. जपानमध्ये चालकाचे दायित्व अमर्याद आहे. विमा मात्र १२० अब्ज येनचाच. फुकुशिमाने ती दरी दाखवली आणि भरपाईसाठी सरकारी पाठबळाची वेगळी संस्था काढावी लागली.

भारताच्या २०१० च्या कायद्यात चालकावर १५०० कोटी रुपयांची मर्यादा होती, आणि कलम १७(ब) ने सदोष यंत्रासाठी पुरवठादाराकडून वसुलीचा हक्क चालकाला दिला होता. हे जागतिक रिवाजाच्या बाहेरचे. परदेशी कंपन्या याच कलमावर अडून बसल्या. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि हा २०१० चा कायदा या दोन्हींच्या जागी ‘शांती’ नावाचा नवा कायदा संमत केला. खासगी कंपन्यांना वाट मिळाली. ३६०० मेगावॅटहून जास्त औष्णिक क्षमतेच्या भट्टीची मर्यादा ३००० कोटी झाली. पुरवठादाराविरुद्धचा तो हक्क कायद्यातून गेला. वसुली हवी असेल तर आता करारात स्पष्ट लिहून घ्यावी लागेल.

प्रश्न : एका देशाचा अणुकचरा दुसऱ्या देशात पुरता येतो का?

उत्तर : फिनलंडने १९९४ च्या दुरुस्तीने आयात आणि निर्यात दोन्ही बंद केली. तोवर लोविसाचे वापरलेले इंधन रशियाला परत जात होते. दार बंद झाले म्हणूनच त्यांना स्वतःची जागा करावी लागली. ऑल्किलुओटोजवळ सुमारे ४३० मीटर खोल खडकात बोगदे आहेत. इंधन आधी ओतीव लोखंडाच्या चौकटीत, ती तांब्याच्या जाड पिंपात, पिंप खडकातल्या भोकात, आणि भोवती बेंटोनाइट माती. ही माती पाणी लागले की फुगते आणि फट राहू देत नाही. सर्वांत नाजूक काम तांब्याच्या झाकणाच्या जोडाचे असते आणि प्रत्येक जोड तपासावा लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत पिंपे खरी होती, आत इंधन नव्हते.